कुठल्या हातानं

उत्कर्षा बंडगरने बंगळूरची नोकरी सोडली आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये काम धरलं, तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. तिला मात्र ते काम आवडलं होतं. शेडचा मालक जयराज इस्लामपूरचा होता. घरचा ऊस होता, घरच्या ट्रॉल्या होत्या आणि वडिलांची, लालासाहेबांची, एका डिस्टिलरीत भागीदारी होती. उसाच्या इथेनॉलवर चालणारी, ट्रॉलीवर बसेल एवढी गॅस टर्बाइन त्याला बनवायची होती. वीज गेली की शेतात नेऊन उभी करायची, असं तो म्हणायचा. बोलताना त्याचे डोळे चमकायचे, आणि त्या चमकण्यावर उत्कर्षा भुलली होती.

टर्बाइनचं पोट म्हणजे ज्वलनकक्ष. पातळ पत्र्याची, भोकं पाडलेली नळी जाड केसिंगच्या, बाहेरच्या कवचाच्या, आत बसवलेली असते. भोवतालच्या फटीतून हवा येते. थोडी हवा पुढच्या भोकांतून शिरून जाळ धरून ठेवते, बाकीची मागच्या भोकांतून शिरून धग खाली आणते. नळी केवढी, भोकं किती, कुठे, ही पहिली आखणी करतानाच माणूस मेटाकुटीला येतो. एक माप हलवलं की सगळी हलतात. बंगळूरला असताना उत्कर्षाचे आठवडेच्या आठवडे यात जायचे. इथे आल्यावर तिने हे काम करणारा प्रोग्रामच लिहिला. हवा किती, दाब किती, इंधन कुठलं, जागा केवढी, एवढं सांगितलं की तो हजारो आखण्या मांडायचा, तपासायचा, बाद करायचा आणि टिकलेल्या तेवढ्या समोर ठेवायचा. चहा पिऊन येईपर्यंत काम झालेलं असायचं.

शेडमध्ये फिटर हवा होता, तेव्हा तिने बिराप्पाला आणलं. बिराप्पा तिचा चुलतभाऊ. वडील गेल्यावर उत्कर्षा जतकडच्या गावात चुलत्याच्याच घरी वाढली होती. त्या चुलत्यांनी, नाथाजीतात्यांनी, मेंढरं राखून तिला सांगलीला इंजिनिअर केलं. बिराप्पाने आयटीआय केलं होतं आणि वेल्डिंगमध्ये त्याचा हात चांगला होता. तो तिला आक्का म्हणायचा, आणि शेडमध्ये सगळ्यांसमोर तसं म्हणू नको असं सांगितलं तरी आक्काच म्हणायचा.

भांडण लांबीवरून झालं. धंद्यात पैसे घालायला तयार झालेल्या पुण्याच्या पाहुण्यांना मशीन छोट्या ट्रॉलीवर हवी होती. कक्ष आखूड करावा लागणार होता, आणि प्रोग्राम आखूड कक्ष एकापाठोपाठ एक बाद करत होता.

"का बाद करतोय हा?" जयराजने विचारलं.

"थंडीत पेटणार नाही म्हणून. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते. नळी आखूड असली की थेंब वाफ व्हायच्या आत पुढे निघून जातात. न जळता खाली साचतात. आणि मग पेटलं तर सगळं एकदम पेटतं."

"ही तपासणी तूच घातलीयेस ना?"

"हो."

"मग काढ."

"नाही काढणार."

तेव्हा जयराजने तिला खुर्चीवरून उठवलं. हात लावला नाही, पण खुर्ची इतक्या जोरात मागे ओढली की ती पडता पडता वाचली. त्याने स्वतः बसून प्रोग्राममधली त्या तपासणीची ओळ बंद केली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. आखूड कक्ष पास झाला. "बघ," तो म्हणाला, "कॉम्प्युटरला चालतंय, तुलाच चालत नाही."

तिने त्याच दिवशी सोडून जायला हवं होतं. पण बिराप्पाचं लग्न ठरत होतं, आणि ती गेली असती तर तोही गेला असता. ती राहिली. तपासणी नसली तरी सुरू करायची पद्धत तरी आपण सांभाळू, असं तिने मनाशी ठरवलं. एकदा पेटलं नाही तर हवा मारून सगळं बाहेर काढायचं, खालचा ड्रेन उघडायचा, कोरडं झाल्याशिवाय पुन्हा पेटवायचं नाही. बिराप्पाकडून तिने हे घोटून घेतलं होतं.

चाचणीचा दिवस जानेवारीतला होता. सकाळी अजिंक्यताऱ्यावर अजून धुकं होतं. पुण्याचे पाहुणे स्वेटर घालून काचेमागे उभे होते. काचेपलीकडे काँक्रीटची खोली आणि तिच्या मधोमध लोखंडी स्टँडवर टर्बाइन. बटणांच्या पॅनेलवर जयराज बसला होता. ती उत्कर्षाची जागा, पण पाहुण्यांसमोर त्याला स्वतः चालवायचं होतं.

पहिल्यांदा पेटलं नाही. ठिणगी वाजत राहिली, मशीन नुसतीच घुमली.

"हवा मारा," उत्कर्षा म्हणाली. "ड्रेन उघडा."

जयराजने थोडी हवा मारली आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा नाही. पाहुण्यांपैकी एकजण घड्याळाकडे बघून हसला. जयराजचे कान लाल झाले.

"सर, आत इंधन साचलंय. ड्रेनचा वॉल्व्ह उघडत नाहीये, दिवा बघा."

"म्या जातो, हातानं उघडतो," म्हणत बिराप्पा निघालाही. तो आत गेला आणि मशीनशेजारी वाकला. वॉल्व्ह घट्ट बसला होता. त्याने पाना लावला, निसटला, पुन्हा लावला. मग काचेकडे वळून त्याने तळहात उघडा करून वर धरला.

"झालं म्हणतोय," जयराज म्हणाला.

"थांब म्हणतोय! सर, तो आत आहे!"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने बटण दाबलं.

केसिंग पोटातून फाटलं. आवाज असा झाला की पाहुण्यांपैकी दोघं जमिनीवर बसले. जाड काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. पत्र्याचा एक तुकडा भिंतीत रुतला. दुसरा बिराप्पाचा गाल चिरत, डावा डोळा घेऊन गेला. तो फेकला गेला, उठला आणि दाराकडे पळत आला. तो ओरडत होता आणि आपल्या छातीवर थपडा मारत होता, पण कुणी पुढे झालं नाही. कारण आग दिसत नव्हती. इथेनॉलचा जाळ दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. रक्त दिसत होतं, म्हणून सगळ्यांना वाटलं, मार लागलाय. एकजण तर पाण्याची बाटली घेऊन, आधी काय करावं अशा विचारात उभा होता. आणि बिराप्पाचा शर्ट आपोआप काळा पडत होता. त्याच्या डोक्यावरची हवा थरथरत होती.

"पेटलाय तो!" उत्कर्षा किंचाळली. भिंतीवरचं आग विझवायचं ब्लँकेट ओढून ती त्याच्यावर पडली. त्याला खाली पाडलं, गुंडाळलं, गळ्यापाशी न दिसणारा जाळ तळहातांनी दाबला. तिच्या हाताची कातडी त्याच्या गळ्याला चिकटली. करपलेल्या केसांचा वास सुटला. बिराप्पा तिच्या खाली तडफडत होता आणि "आक्का, सोड, आक्का, सोड" म्हणत होता, आणि तिने त्याला सोडलं नाही.

त्याला आधी साताऱ्यात नेलं, तिथून मिरजेला हलवलं. छाती, गळा, अर्धा चेहरा. डोळा गेलेला. डॉक्टर म्हणाले, वाचेल, पण लवकर आरशात बघू देऊ नका. बिराप्पाची आई, धोंडुबाईकाकी, गावाहून आल्या आणि वॉर्डाबाहेरच्या फरशीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. नाथाजीतात्या मेंढरं घेऊन रहिमतपूरच्या बाजूला ऊस तुटलेल्या रानात, खतासाठी कळप बसवायला, गेले होते. मेंढरांना पाल्याच्या फांद्या तोडायच्या कुऱ्हाडीसकट आणि घोंगडीसकट ते सरळ एसटीने आले. पोराला पट्ट्यांत गुंडाळलेलं पाहून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "ह्यात तो कुटं हाय?"

तिसऱ्याच कुणाच्या तरी फोनवर बातमी आली. संगणकाने केलेल्या सदोष आखणीमुळे स्फोट, एक कामगार जखमी. जयराज कॅमेऱ्यासमोर हळू आवाजात सांगत होता, की आखणी पूर्णपणे स्वयंचलित होती, माणसाचा हात त्यात नव्हता, झालेल्या प्रकाराचं त्याला फार वाईट वाटतंय.

"म्हंजी कुणी केलं?" काकींनी विचारलं.

"कॉम्प्युटरनं, म्हणतोय," बातमी दाखवणारा म्हणाला.

"त्याला घरदार हाय का? त्याच्या दारात जाऊन बसू का मी?" काकींनी फोन त्याच्या हातातून हिसकावला आणि भिंतीवर मारला.

दोनेक आठवड्यांनी जयराजने उत्कर्षाला शेडवर बोलावलं. विम्याच्या कामासाठी सही हवी, बिराप्पाच्या उपचाराचं त्यावरच अडलंय, असं सांगितलं. तिच्या हातांना अजून पट्ट्या होत्या. नाथाजीतात्या मेंढरांकडे परत निघाले होते, म्हणून तिच्यासोबत साताऱ्यापर्यंत आले. "तू जा आत. मी हितं सावलीत बसतो," म्हणून ते गेटबाहेर थांबले.

दुपारचं ऊन पत्र्यावर तापलं होतं. आत जयराज होता आणि लालासाहेबांनी पाठवलेली दोन माणसं. टेबलावर टाइप केलेला मजकूर होता. त्यात लिहिलं होतं, प्रोग्राम तिचा, त्यातले सगळे निकष तिने ठरवलेले, थंडीतल्या तपासणीची ओळ तिनेच बंद केली.

"यावर मी सही करणार नाही," ती म्हणाली. "ओळ तुम्ही बंद केलीत. बटण तुम्ही दाबलंत. बिराप्पा आत असताना."

"मॅडम, तुमच्या भावाची औषधं कोण देतंय?" त्या दोघांतल्या एकाने विचारलं.

"सही नाही करणार."

जयराजने त्या दोघांकडे पाहिलं नाही. तो खिडकीकडे वळला. एकाने शेडचं दार ओढून घेतलं. दुसऱ्याने तिला मानेला धरून टेबलावर दाबलं, तिचा पट्टी बांधलेला हात पकडला आणि पेन बोटांत खुपसून मूठ आवळली. पट्टीतून ओल फुटली. ती ओरडली. त्याने आणखी आवळलं. तिने मान वळवून त्याच्या मनगटाचा चावा घेतला, तेव्हा त्याने तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं.

दार आतून लावलेलं नव्हतं, नुसतं ओढलेलं होतं. ते सरकलं आणि उजेडात नाथाजीतात्या उभे दिसले. डोक्याला पिवळा फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात कुऱ्हाड. त्यांनी काही विचारलं नाही. दारातल्या माणसाच्या गुडघ्यावर कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, बसला आणि तो आडवा झाला. दुसरा उत्कर्षाला सोडून लोखंडी पाइप उचलायला वाकला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलेलं सगळ्यांना ऐकू आलं. तो रांगत रांगत बाहेर गेला.

जयराज भिंतीला लागला होता. "तात्या, ऐका. तात्या, ते कॉम्प्युटरनं झालंय. तुमच्याच पोरीनं बनवलाय तो प्रोग्राम, विचारा तिला!"

तात्या उत्कर्षाकडे वळले. तिच्या भुवईतून रक्त वाहत होतं.

"खरं हाय?"

"व्हय. बनवला म्या."

तात्यांचा हात उठला आणि तिच्या गालावर सणसणीत बसला. ती टेबलाला धडकली. आयुष्यात त्यांनी तिला कधी मारलं नव्हतं.

"पर बटण ह्यानं दाबलं, तात्या," ती म्हणाली. तोंडात रक्ताची चव होती. "बिराप्पा थांब म्हणत व्हता. हात वर केला व्हता त्यानं. मी वरडले. तरी दाबलं."

तात्या बराच वेळ जयराजकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या हातानं?"

"उजव्या," उत्कर्षा म्हणाली.

तात्यांनी असं का विचारलं हे आपल्याला कळलं नव्हतं, असं ती पुढे कधीच म्हणाली नाही. तिला कळलं होतं.

जयराजला पळता आलं नाही. म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं, बाभळीची फांदी ओढावी तसं त्याला कामाच्या टेबलापाशी ओढलं, पंजा पत्र्यावर टेकवला आणि घाव घातला. पहिला घाव तिरका बसला. दुसरा बरोबर. जयराजच्या तोंडातून आधी आवाजच निघाला नाही. मग तो निघाला आणि थांबेना. टेबलावर तीन बोटं सुटी पडली होती, आणि रक्त काठावरून वेल्डिंगच्या मशीनवर गळत होतं.

त्याच वेळी उत्कर्षाच्या अंगातला संताप एकदम उतरला. तिने ओढणी काढली. स्वतःच्या फुटलेल्या हातांनी ती जयराजच्या मनगटाला गच्च आवळली, त्याचा हात वर धरून भिंतीला टेकवून ठेवला आणि अँब्युलन्सला फोन लावला. जयराज तिच्या खांद्यावर डोकं टेकवून रडत होता. "मला वाटलं झालं म्हणतोय," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मला खरंच वाटलं, झालं म्हणतोय."  तिने त्याचा हात तेवढा खाली येऊ दिला नाही.

पोलीस आले तेव्हा तात्या पायरीवर बसले होते. कुऱ्हाड त्यांनी बाजूला ठेवली होती. "म्या केलं," ते म्हणाले. "पोरगी भाईर व्हती. तिनं काय बगितलं न्हाई, काय बोलली न्हाई."

वकिलाने उत्कर्षाला सांगितलं, तात्या म्हणतात तेच तूही म्हण. तुझं नाव निघणार नाही. पण जबाबात तिने सगळं सांगितलं. खुर्ची ओढली इथपासून ते 'उजव्या' इथपर्यंत. फौजदारांनी लिहिता लिहिता मान वर केली. "हे एवढं सांगायलाच पाहिजे का, बाई?"

"बटणाचं खरं मानायचं असेल तर हेही खरं माना," ती म्हणाली.

दोन खटले चालले. जयराजवरच्या खटल्यात तज्ज्ञांसमोर तिने प्रोग्राम दोनदा चालवून दाखवला. तपासणी सुरू असताना त्याने तो आखूड कक्ष बाद केला. बंद असताना पास केला. न्यायाधीशांनी विचारलं, दोन्ही वेळा यंत्राने सांगितलं तेच केलं ना? ती हो म्हणाली. बिराप्पानेही साक्ष दिली. जळलेल्या गळ्यातून त्याचा आवाज घासत यायचा, तो ऐकायला सगळं कोर्ट पुढे झुकलं होतं. जयराजला शिक्षा झाली, पण थोडी, आणि अपिलात तो बाहेर आला. लालासाहेबांच्या त्या दोन माणसांना काही झालं नाही. नाथाजीतात्यांना मोठी शिक्षा झाली. उत्कर्षाच्या जबाबामुळेच ती मोठी झाली, असं भावकीत सगळे म्हणाले, कारण तात्यांनी हात विचारून मग घाव घातला, रागाच्या भरात नाही, हे तिच्याच तोंडून कोर्टाला कळलं होतं. तिच्यावरही गुन्हा दाखल झाला होता. पुढे सरकारी वकिलांनी तो मागे घेऊन तिला साक्षीदार केलं.

शेड बंद पडली. उत्कर्षा गावाकडे आली. मेंढरं राखायला माणूस नव्हता, म्हणून काकींबरोबर ती रानात जाऊ लागली. काकी तिच्याशी कामापुरतं बोलायच्या. बिराप्पा तेवढंही बोलत नव्हता. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. टॉवेल तोंडाला गुंडाळून तो दिवसभर वाघरीपाशी, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणापाशी, बसून राहायचा.

एका दुपारी तोच बोलला. "आक्का, तू का सांगितलंस गं?"

"कोर्टात?"

"न्हाई. शेडवर, माज्या आबाला. उजव्या म्हणून."

उत्कर्षाने हातातली काठी खाली ठेवली. "राग आला व्हता. तुजा गळा माज्या हाताला चिकटला व्हता, बिराप्पा. मला त्याचा हात तुटायलाच पायजे व्हता."

"माजं तोंड काय परत आलं न्हाई," तो म्हणाला. "वर बाप तुरुंगात गेला. मला कुणी इचारलं? मी पट्ट्यांत पडलो व्हतो, आन तुमी दोघं माज्या नावानं हात तोडून आला." त्याने जमिनीवरचा दगड उचलला. तिला वाटलं, आता मारतो. त्याने तो लांब खडकावर फेकला, मग दुसरा फेकला, मग तिसरा. मेंढरं बिथरून एका बाजूला पळाली. ती त्यांच्यामागे धावली. गोळा करून परत आली तेव्हा तो रडून शांत झाला होता.

"आबाला भेटायला चल माज्यासंगं," तो म्हणाला. "त्यानं माजं तोंड अजून बगितलं न्हाई."

ते गेले. तुरुंगात जाळीपलीकडे तात्या येऊन बसले. फेटा नव्हता, त्यामुळे ते लहान दिसत होते. बिराप्पाने टॉवेल सोडला. तात्यांनी जाळीला बोटं लावली आणि पोराचा चेहरा इकडून तिकडे नीट पाहिला, कपाळापासून गळ्यापर्यंत.

"दुखतंय?"

"आता न्हाई."

"जेवतुयास न्हवं?"

"व्हय."

 मग तात्यांनी उत्कर्षाकडे पाहिलं. "आन त्यो? त्यो कसा जेवतो?"

"डाव्या हातानं, तात्या. कोर्टात बगितलं मी. डबा उघडता येत न्हवता त्याला. आईनं उघडून दिला."

तात्यांनी मान हलवली. डोळे मिटले, उघडले. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा ते उठले, दोन पावलं गेले आणि परत वळले.

"मेंढरं पावसाच्या आदी घरी आना," ते म्हणाले. "आन हिला हाकलू नगंस, बिराप्पा. जवर ऱ्हायची तवर ऱ्हाऊ दे."

"मी कुटं हाकलतुया," बिराप्पा म्हणाला. त्याने टॉवेल परत गुंडाळला नाही. दोघं स्टँडवर आले. लोक वळून वळून त्याच्याकडे पाहत होते. उत्कर्षाने खिडकीची जागा त्याला दिली आणि स्वतः त्याच्या शेजारी बसली.